दुसऱ्याच्या सहीसाठी लिहिताना

खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र, कुलमुखत्यारपत्र, गहाणखत, वाटणीपत्र, भाड्याचा करार आणि प्रतिज्ञापत्र अशा नित्य व्यवहारात लागणाऱ्या दस्तऐवजांचे मराठी नमुने या पुस्तकात एकत्र केले आहेत. अशी पुस्तके मराठीत पूर्वी निघाली नाहीत असे नाही. कचेरीसमोरच्या दुकानांत ती आजही मिळतात, दस्तलेखकांच्या पेटीत त्यांच्या जीर्ण प्रती सापडतात, आणि अलीकडे तर संगणकावर टंकलेला एखादा मजकूर या हातातून त्या हातात इतक्या सहजतेने जातो की, तो मुळात कोणी लिहिला, कोणत्या साली लिहिला आणि कोणत्या व्यवहारासाठी लिहिला, हे विचारण्याची कोणाला आठवणही राहत नाही. तेव्हा या राशीत आणखी एका संग्रहाची भर घालताना संपादकाने आपले प्रयोजन सांगणे प्राप्त आहे. ते असे की, नमुने विपुल असले तरी कोणत्या कसोट्यांना उतरलेला नमुना छापण्यास योग्य समजावा, याचा स्वतंत्र विचार केलेला माझ्या पाहण्यात नाही. म्हणून या पुस्तकात नमुन्यांच्या आधी त्यांच्या संपादनाचे नियम दिले आहेत, आणि ते नियम का करावे लागले हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना काहीशी विस्ताराने लिहिली आहे.

कथेत किंवा निबंधात चूक झाली तर तिचा बोल लेखकाला लागतो, कारण त्या लेखनावर नाव त्याचे असते. नमुन्याचे तसे नाही. नमुना लिहिणारा लिहून दूर होतो. पुढे केव्हातरी, त्याने कधी न पाहिलेल्या गावी, त्याला कधीही न भेटणारी एखादी विधवा त्यातील मोकळ्या जागा भरून घेते आणि खाली आपली सही करते किंवा डाव्या हाताचा अंगठा उठवते. आणि त्या क्षणापासून ते वाक्य तिचे होते, जणू तिनेच ते तोलूनमापून, ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ उच्चारले होते. वीस वर्षांनी न्यायालयात त्या वाक्याचा अर्थ लावण्याची वेळ येईल तेव्हा जाब तिला द्यावा लागेल. नमुनाकाराला कोणी समन्स धाडणार नाही. दुसऱ्याने सही करावी म्हणून लिहिलेले वाक्य स्वतःच्या सहीने लिहिलेल्या वाक्याहून अधिक दक्षतेने लिहिले पाहिजे, हा या पुस्तकाचा मूळ सिद्धान्त आहे, आणि पुढे सांगितलेले सर्व नियम त्यातूनच निघाले आहेत.

‘दस्तऐवज’ हा शब्द फारसी ‘दस्तावेज’वरून आला. ‘दस्त’ म्हणजे हात, आणि हाताने धरून ठेवता येईल असा आधार, हा त्याचा मूळ भाव. ‘नमुना’ हाही फारसीच, व त्याच्या मुळाशी दाखवण्याची क्रिया आहे. शब्द हे असे मुसलमानी अमदानीतले असले तरी वस्तू त्यांच्याहून पुष्कळ जुनी. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात लेख्याचे प्रकरण आहे. ऋणपत्रात वर्ष, मास, पक्ष व दिवस कसे नोंदवावे, धनको आणि ऋणको यांची नावे त्यांच्या पित्यांच्या नावांसह कशी लिहावी, ऋणकोने मजकूर मान्य असल्याचे स्वहस्ते कसे नमूद करावे, हे सांगून झाल्यावर स्मृतिकार लेखकाकडे वळतो, आणि उभय पक्षांच्या विनंतीवरून हे मी लिहिले असे त्याने शेवटी आपल्या व आपल्या पित्याच्या नावानिशी लिहावे, असा विधी घालून देतो. या विधानांत नावांच्या जागी ‘अमुक’ हा शब्द आहे. नाव घालावयाची मोकळी जागा दाखवण्यासाठी आपण आजही जो शब्द वापरतो तोच तेथे आहे. म्हणजे स्मृतीने नियम सांगता सांगता नमुनाही देऊन ठेवला आहे. आणि त्या नमुन्यात लेखक अनामिक राहत नाही, ही गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते.

पुढील काळात ही विद्या वाढत गेली. मध्ययुगीन गुजरातेतील विक्रयपत्रे, ऋणपत्रे व राजाज्ञा यांचे नमुने देणारा ‘लेखपद्धती’ हा संस्कृत संग्रह १९२५ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. आपल्याकडे देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावाशी परंपरेने जोडलेली मेस्तके कारकुनी लेखनाचे नियम आणि पत्रांचे मायने सांगतात. शिवछत्रपतींच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला तो कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. तरी दस्ताच्या भाषेतून मुखत्यार, इसार, फरोक्त, कब्जा, वारस हे शब्द गेले नाहीत, आणि आज त्यांना परके म्हणण्याचे कारणही उरलेले नाही. जमीनमहसुलाच्या व्यवस्थेने तर ‘नमुना’ हा शब्द घरोघर नेला. शेतकरी ज्याला सातबारा म्हणतो तो गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड उतारा आहे. खात्याचा उतारा हा गाव नमुना आठ-अ, आणि फेरफाराची नोंदवही हा गाव नमुना सहा. ज्या समाजात जमिनीची ओळखच नमुन्याच्या क्रमांकाने होते, त्या समाजाला नमुन्याचे महत्त्व निराळे पटवून द्यावे लागू नये.

परंतु लिहिलेल्या कागदाचे सामर्थ्य ज्याला तो वाचता येत नाही त्याच्यावर कसे उलटते, हेही याच भूमीने पाहिले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांविरुद्ध उठाव केला, आणि तो आसपासच्या गावांतून पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्या उठावाचे मुख्य लक्ष्य सावकारांच्या ताब्यातील खते आणि हुकूमनामे हे होते. ती मिळवून जाळावी, एवढ्यासाठी जमाव पेढ्यांवर चालून जात होते. ज्या कागदावर आपला अंगठा आहे त्यात नेमके काय लिहिले आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्या कागदापासून सुटण्याचा अग्नीवाचून दुसरा मार्ग दिसला नाही, असाच याचा अर्थ करावा लागतो. या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साह्याचा कायदा झाला. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त ग्रामनिबंधकाने स्वतः किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवून साक्षांकित करावा, त्यावाचून तो ग्राह्य धरू नये, अशी तरतूद त्या कायद्यात होती. लिहिणारा आणि सही करणारा यांच्यामध्ये कोणी जबाबदार माणूस उभा असावा, हे तत्त्व त्यात मान्य झाले. ग्रामनिबंधक आज राहिला नाही. पण छापील नमुन्याच्या बाबतीत ती जागा संपादकाने घेतली पाहिजे.

आता नियमांकडे वळतो.

पहिला नियम काळाचा. प्रत्येक नमुन्याच्या शिरोभागी तो कोणत्या कायद्यांवर आधारलेला आहे, आणि कोणत्या तारखेपर्यंतचा कायदा पाहून तो तपासला आहे, हे दिलेच पाहिजे. नमुना जुना झाला तर तो जुना दिसत नाही, हा त्याचा मोठा दोष आहे. नासलेल्या अन्नाला वास येतो. कालबाह्य कलमाला येत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला. ‘खोटे आढळल्यास कलम १९९ अन्वये शिक्षेस पात्र राहीन’ असे ज्या छापील घोषणापत्रांत होते, त्यांचे कलम आता २३६ झाले. याहून गंभीर उदाहरण वाटणीपत्राचे आहे. हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीचा सहदायादाधिकार, म्हणजे कुटुंबाच्या मिळकतीतील जन्मसिद्ध वाटा, महाराष्ट्रात प्रथम २२ जून १९९४ च्या राज्य दुरुस्तीने आला, आणि तोही त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली वगळून. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद गेला. आणि त्या दिवशी पिता हयात असण्याची आवश्यकता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा खटल्यात निश्चित केले. म्हणजे १९९० चे, १९९८ चे आणि २०२१ चे अशी वाटणीपत्रे शेजारी ठेवली तर भाषा बहुतांशी एकच, पण तिहींत मुलीचे स्थान निराळे. यातले पहिले आजही नकलून घेतले जाते, आणि घरातील एका लेकीचे नाव पक्षकारांच्या यादीत येतच नाही. नमुन्यावर तारीख नसण्याची किंमत ती लेक देते.

दुसरा नियम देशाचा, म्हणजे नमुना कोठे चालतो आणि कोठे चालत नाही हे सांगण्याचा. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणीची गरज नाही, अशी समजूत आपल्याकडे दृढ आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची करणाऱ्या केंद्रीय कायद्यातून ती आली आणि तशाच नमुन्यांबरोबर फिरत राहिली. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे अनुज्ञप्तीचा, म्हणजे ज्याला आपण लीव्ह अँड लायसन्स म्हणतो त्याचा, प्रत्येक करार लेखी आणि नोंदलेला असला पाहिजे, मग मुदत किती का असेना. ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि करार नोंदलेला नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मराठी वाचक गोव्यातही आहेत. आणि तेथे विवाहित मालकाच्या स्थावर मिळकतीची विक्री जोडीदाराच्या संमतीवाचून होत नाही, तसेच मृत्युपत्राने संपूर्ण मिळकत वाटेल त्याला देता येत नाही, कारण अनिवार्य वारसांसाठी अर्धा हिस्सा राखलेला असतो. म्हणून या संग्रहातील मृत्युपत्राच्या आणि खरेदीखताच्या नमुन्यांवर ‘गोवा राज्यात वापरू नये’ अशी स्पष्ट सूचना ठळक छापली आहे. कोठे चालत नाही हे न सांगणारा नमुना अपुरा आहे, असे आम्ही मानले.

तिसरा नियम मोकळ्या जागेचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. याविषयी मला शिकवणारा प्रसंग माझ्या उमेदवारीच्या काळातला आहे. एका शेतकऱ्याचे खरेदीखत एका जुन्या नमुन्यावरून तयार झाले. त्या नमुन्यात वाचकाला समजावे म्हणून चतुःसीमा उदाहरणादाखल भरूनच छापल्या होत्या, आणि पूर्वेस ओढा दाखवला होता. लिहिणाऱ्याने गट नंबर बदलला, क्षेत्र बदलले, नावे बदलली. ओढा तसाच राहिला. त्या जमिनीच्या पूर्वेस ओढा नव्हता. होती ती दुसऱ्या खातेदाराची वहिवाटीची जमीन. दस्त नोंदला गेला, आणि चूक ध्यानात आली तेव्हा लिहून देणार वारला होता. चूक दुरुस्तीपत्रासाठी त्याच्या वारसांच्या सह्या पाहिजे होत्या, आणि वारस तीन गावांत विखुरलेले होते. त्या एका शब्दापायी त्या कुटुंबाची किती वर्षे गेली हे मी जवळून पाहिले. चूक लिहिणाऱ्याची होती हे खरे. परंतु ती त्याच्या हातून घडावी अशी सोय नमुनाकाराने करून ठेवली होती, हेही तितकेच खरे.

यावरून आम्ही ठरवले की, नमुन्यात जे वाक्य कोणत्याही दस्तात कायम राहावयाचे आहे तेवढेच सलग छापावे, आणि जे बदलते आहे ते कधीही खऱ्यासारखे भासेल असे भरून दाखवू नये. प्रत्येक मोकळ्या जागेला चौकट आणि क्रमांक दिला आहे. समासात त्या क्रमांकासमोर तेथे काय लिहावे, ते कोणत्या कागदावरून घ्यावे आणि ती माहिती नसल्यास काय करावे, हे सांगितले आहे. जेथे दोन पर्याय संभवतात तेथे दोन्ही वाक्ये पूर्ण देऊन एक खोडावे असे न म्हणता, दोहोंतून एक निवडून नव्याने लिहावे असे म्हटले आहे. याला कायद्याचाही आधार आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २० प्रमाणे, ज्या दस्तात कोऱ्या जागा, खाडाखोड, ओळींमधील मजकूर किंवा फेरफार आहेत आणि त्यांजवळ करून देणाऱ्यांच्या सह्या वा आद्याक्षरे नाहीत, तो दस्त नोंदणी अधिकारी नाकारू शकतो. अर्धवट खोडलेला छापील फॉर्म घेऊन दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून परत फिरलेली माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला या नियमाचे प्रयोजन अधिक सांगावे लागणार नाही.

चौथा नियम वर्णनाचा. त्याच अधिनियमाचे कलम २१ म्हणते की, स्थावर मिळकत ओळखता येईल इतके तिचे वर्णन दस्तात असले पाहिजे. जुन्या कागदात सर्व्हे नंबर, एकत्रीकरण योजनेनंतरच्या कागदात गट नंबर, गावठाणात नगर भूमापन क्रमांक. यांपैकी कोणता केव्हा लिहावयाचा हे नमुन्याने सांगितले पाहिजे. मापांविषयी तर विशेष सावधगिरी हवी. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१.१७ चौरस मीटर, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. परंतु सातबारावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असते, आणि एक आर म्हणजे नेमके १०० चौरस मीटर. बोलण्यात आर आणि गुंठा एकच समजण्याचा प्रघात आहे. एक-दोन गुंठ्यांत हा फरक जाणवत नाही. पूर्ण हेक्टराच्या व्यवहारात तो एका गुंठ्याहून अधिक भरतो, आणि बांधाला लागून बांध असलेल्या गावात एका गुंठ्यावरून दोन पिढ्यांचे बोलणे बंद झालेले आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून या पुस्तकात क्षेत्राच्या चौकटीसमोर एकच एकक छापले आहे, ते म्हणजे अभिलेखात असलेले.

पाचवा नियम विधीच्या पूर्णतेचा. काही दस्तांना कायद्याने विशिष्ट रीत घालून दिली आहे, आणि ती रीत नमुन्याच्या रचनेतच दिसली पाहिजे. मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात, आणि त्या प्रत्येकाने करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा ती सही आपली असल्याचे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, व स्वतःची सही त्याच्या समक्ष केलेली असावी. स्थावराच्या बक्षीसपत्राला नोंदणी आणि दोन साक्षीदार अनिवार्य आहेत, आणि देणगी देणाऱ्याच्या हयातीत ती स्वीकारलेली असली पाहिजे. ज्या नमुन्यात साक्षीदाराची एकच ओळ आहे किंवा स्वीकाराचे वाक्यच नाही, तो नमुना इतर सर्व बाबतींत सुंदर असला तरी ज्याच्यासाठी लिहिला त्याच्या उपयोगी पडणार नाही. याच्या उलट, जे कायद्याने लागत नाही ते मागणे हाही दोषच. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. शासकीय कार्यालयात वा न्यायालयात दाखल करावयाच्या प्रतिज्ञापत्राचे मुद्रांक शुल्क महाराष्ट्र शासनाने २००४ साली माफ केले. तरी मुद्रांक कागद आणा असे छापणारे नमुने अद्याप चालू आहेत, आणि गरीब माणूस दाखल्यासाठी त्यावर पैसे खर्च करतो. शासनाने विहित केलेला नमुना आणि संपादकाने सुचवलेला नमुना यांची सरमिसळही होऊ देता कामा नये. सदनिकेच्या विक्रीच्या करारासाठी १९६४ च्या नियमांत आणि पुढे स्थावर संपदा कायद्याखालील २०१७ च्या नियमांत आदर्श करारनामा दिला आहे. तो तेथूनच घ्यावा, म्हणून आम्ही आपला निराळा दिलेला नाही.

सहावा नियम सर्वांत कठीण, कारण तो न्यायाचा आहे. नमुना कोणाच्या बाजूने लिहिला आहे, हे वाचकाला कळले पाहिजे. ‘मुदत खरेदी’ या नावाने चालणाऱ्या व्यवहाराचा इतिहास यासाठी आठवावा. कर्ज घेणारा शेतकरी जमिनीचे खरेदीखत लिहून देई आणि पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याचा करार वेगळ्या कागदावर होई. परंतु मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८ ला १९२९ साली जोडलेल्या परंतुकाप्रमाणे, परत देण्याची अट विक्रीच्या त्याच दस्तात नसेल तर तो व्यवहार गहाण समजला जात नाही. म्हणजे तोच मजकूर दोन कागदांवर विभागून छापणारा नमुना, एक अक्षरही खोटे न लिहिता, ऋणकोचा गहाण सोडवण्याचा हक्क काढून घेतो. अशा नमुन्याला या पुस्तकात स्थान नाही. ज्याला पैशाची गरज आहे त्याच्यासाठी साध्या गहाणखताचा नमुना दिला आहे. त्याचप्रमाणे कुलमुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र यांचा संच करून मिळकत विकण्याची जी प्रथा पडली होती, तिने मालकी हस्तांतरित होत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात सांगितले. तो संचही आम्ही वगळला आहे. काय छापावे याइतकेच काय छापू नये हेही संपादकाने ठरवले पाहिजे, मग बाजारात त्याला मागणी कितीही असो.

याच संदर्भात हक्कसोडपत्राविषयी दोन शब्द अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते. वडिलांच्या मागे भाऊ बहिणीला कचेरीत बोलावतो, कागद तयार असतो, आणि माहेर तुटू नये या एका भयाने ती सही करते. पुष्कळदा ती मनापासूनही करते, आणि तो तिचा अधिकार आहे. परंतु ‘माझा कोणताही हक्क, हितसंबंध वा वारसा राहिलेला नाही’ या वाक्यापूर्वी, कोणत्या मिळकतीतील किती हिस्सा ती सोडत आहे हे त्या कागदात लिहिलेले नसेल, तर ती काय देत आहे हे तिला कळण्याचा मार्गच नमुन्याने बंद केला असे होते. म्हणून आमच्या नमुन्यात प्रथम मिळकतीचे वर्णन, मग तिचा कायद्याने येणारा हिस्सा, मग मोबदला असल्यास त्याची रक्कम वा नसल्यास ‘विनामोबदला’ हा शब्द, आणि त्यानंतर हक्क सोडल्याचे वाक्य, असा क्रम ठेवला आहे. हा क्रम बदलू नये, अशी दस्त लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे.

भाषेविषयी आम्ही मध्यममार्ग पत्करला. ज्या शब्दांना शतकांच्या वापराने निश्चित अर्थ आला आहे, जसे निखालस, बोजा, भरणा, तदंगभूत वस्तू, लिहून देणार व लिहून घेणार, ते ठेवले. ‘आचंद्रार्क’, ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण’ या पंक्ती कानाला गोड असल्या तरी वगळल्या, कारण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे, दस्तात विपरीत उद्देश दिसत नसेल तर मिळकतीला जडलेल्या गोष्टी तिच्याबरोबर जातातच. जेथे चिरेबंदी जुन्या वाक्यापेक्षा लहान वाक्याने अर्थ अधिक निःसंदिग्ध होतो, तेथे लहान वाक्य केले. प्रत्येक नमुना तो न लिहिणाऱ्या माणसाकडून भरून घेतला. बक्षीसपत्रात ‘लिहून घेणार’ याच्या जागी काहींनी देणगीदाराचेच नाव घातले, तेव्हा तेथे ‘बक्षीस देणार’ आणि ‘बक्षीस घेणार’ असे स्पष्ट केले. भरताना जो नमुना तीनदा अडला तो पुन्हा लिहिला. मसुदा कोणी केला आणि कायद्याच्या दृष्टीने कोणी तपासला, ही दोन्ही नावे प्रत्येक नमुन्याखाली आहेत, कारण याज्ञवल्क्याच्या लेखकाने जे करावयाचे तेच आपणही करावे असे आम्हांस वाटले. चूक आढळली तर ती गुपचूप पुढच्या आवृत्तीत दुरुस्त न करता, कोणत्या आवृत्तीत काय चुकले होते हे शुद्धिपत्रात सांगितले जाईल; कारण जुनी प्रत ज्याच्या घरी आहे त्याला ते कळण्याचा दुसरा उपाय नाही. आणि कायदा बदलल्यामुळे एखादा नमुना निरुपयोगी झाला, तर तो मागे घेतल्याची सूचना त्याच्याच पानावर ठेवली जाईल.

हे पुस्तक वकिलाची जागा घेऊ शकत नाही, आणि घेऊ इच्छितही नाही. जेथे पक्षकारांत वाद आहे, जेथे अज्ञानाचे हितसंबंध गुंतले आहेत, जेथे जमीन भोगवटादार वर्ग दोनची किंवा हस्तांतरणावर निर्बंध असलेली आहे, तेथे नमुना बंद करून जाणत्याकडे जावे, असे त्या त्या स्थळी लिहिले आहे.

शेवटी वाचकाला एक मागणे आहे. आपल्या दस्तांच्या अखेरीस ‘वरील मजकूर मी वाचून पाहिला, वाचून घेतला, तो मला समजला व मान्य आहे’ या अर्थाचे एक वाक्य असते, आणि संपूर्ण कागदात सर्वांत कमी लक्ष याच वाक्याकडे दिले जाते. आमच्या सर्व नियमांचे प्रयोजन एवढेच की हे वाक्य खरे ठरावे; पण ते खरे करणे अखेर तुमच्या हाती आहे. नमुना भरून झाला की सही करण्यापूर्वी तो सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावा, आणि त्याने शंका विचारली तर तिचे उत्तर मिळेपर्यंत शाईचा पॅड उघडू नये.